धनी नसलेलं गाणं

29 एप्रिल 2016ला 'सैराट' लागला आणि 'झिंगाट' गावोगावच्या वरातींत शिरलं. लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. अजय-अतुल यांनी रचलेलं आणि स्वतःच गायलेलं हे गाणं. सिनेमाच्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडला झालं, पण 'झिंगाट'चा जीव बँजो पार्टीच्या ठेक्यात. शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा हा पहिला मराठी सिनेमा. पुढे 2018च्या हिंदी 'धडक'मध्ये शब्द बदलले, चाल तीच राहिली.

त्याच 2016 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावरून लोहखनिजाचे ट्रक उतरू लागले. 348.09 हेक्टरचा खाणपट्टा 2007चा. 2016च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली, काम थांबलं. 2021पासून ते पुन्हा जोरात आहे. या डोंगरावर ठाकुरदेवाचं ठाणं आहे. जानेवारीत यात्रा भरते, इलाक्यातल्या गावांमधले माडिया-गोंड जमतात. 'झिंगाट' तिकडे, तर इथलं लोकप्रिय गाणं म्हणजे रेला.

रेलाला स्टेज लागत नाही. बाया एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून ओळ धरतात. पाय पुढे, पाय मागे, आणि सगळी ओळ हळूहळू गोल सरकते. एक बाजू कडवं टाकते, दुसरी उचलते. मध्ये ध्रुवपद, त्यात 'रेला' हाच शब्द फिरून फिरून. कडवं ठाऊक नसलेल्यालाही तेवढं म्हणता येतं, म्हणून नवखा माणूस दोन फेऱ्यांत सामील होतो. 'झिंगाट'चं यशही मला इथेच दिसतं: कडवी किती जणांना पाठ आहेत? ध्रुवपद मात्र सगळ्यांना.

कडव्यात काय घालायचं ते गाणाऱ्यांवर. लग्न, पेरणी, जंगल, चेष्टामस्करी, काहीही. म्हणूनच रेलावर सगळ्यांचा डोळा. माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचाने गोंडी चालींवर क्रांतीचे शब्द चढवले. पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांतही रेला नाचला गेला. एकमेकांवर बंदुका रोखलेल्या दोन्ही बाजूंना लोक जमवायला हीच चाल हाताशी लागावी, याहून मोठी लोकप्रियता कोणती? कौतुक करावं की चीड यावी, मला ठरवता येत नाही. थोडी चीडच येते.

ही गाणी कागदावर यायला लागली त्यालाही काळ लोटला. शामराव हिवाळे आणि व्हेरियर एल्विन यांनी मंडल्याकडच्या गोंडांच्या गाण्यांचं इंग्रजी पुस्तक 1935 साली काढलं. एल्विन यांचा मुरिया गोंडांच्या घोटुलावरचा, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घरावरचा, ग्रंथ 1947चा. मुखपृष्ठावर नाव संग्राहकाचं येतं, आणि गाणारी 'एक मुरिया मुलगी' एवढीच उरते.

'झिंगाट' हिंदीत नेताना हक्कदार कोण, हे विचारावंच लागतं. रेलाबाबत विचारणार कोणाला? 1957चा कॉपीराइट कायदा रचनाकार शोधतो, आणि लोकगीताचा रचनाकार सापडत नाही. वेगळा धागा 2006च्या वनहक्क कायद्यात आहे. याच कायद्याखाली 2009मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्याच्या कलम 3(1)(ट)मध्ये, इंग्रजी प्रतीत 'के'मध्ये, सांस्कृतिक विविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदेवर समाजाचा सामूहिक हक्क नोंदला आहे. गाण्यासाठी तो कितपत ताणता येईल हे वकिलांनी सांगावं. बांबू आणि तेंदूपानांसाठी हा कायदा वाचलेल्या ग्रामसभांनी हे कलमही एकदा काढून पाहायला हरकत नाही.