बुडालेली नव्हे, टेकलेली नौका

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या घरी येणारा पाहुणा टेबलावरच्या देखाव्याकडे बघून तीनपैकी एक वाक्य हमखास बोलतो. शेजारचे काका विचारतात, "आ आपणुं सुरत छे?" धुळ्याहून आलेली मावशी म्हणते, "बुडतं जहाज घरात ठेवू नये रे, वास्तूला बरं नसतं." आणि कॉलेजातली पोरं विचारतात, "पाणी निळं का नाही केलं?" तिघांनाही उत्तरं देऊन झाली, पण लक्षात असं आलं की अर्धबुडाल्या युद्धनौकेची प्रतिकृती करायला बसणारे हौशी लोकही याच समजुती घेऊन बसतात. मीही बसलो होतो, आणि पहिला देखावा वाया घालवला होता.

काकांचा प्रश्न आधी मिटवू. ही 'आयएनएस सुरत' नाही. आपल्या शहराचं नाव घेतलेली ती विनाशिका माझगाव गोदीत बांधली गेली, १७ मे २०२२ रोजी तिचं जलावतरण झालं, १५ जानेवारी २०२५ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि ती ठणठणीत आहे. १६३ मीटर लांबीची ती नौका १:३५० प्रमाणात साडेशेहेचाळीस सेंटीमीटर भरेल. माझ्या टेबलावरची नौका जेमतेम साडेअठ्ठावीस सेंटीमीटरची आहे. पोर्तुगीजांची 'अफोंसो द आल्बुकेर्क', गोवा, डिसेंबर १९६१.

"म्हणजे आपल्या नौदलाने बुडवलेली ती?" हा पुढचा प्रश्न, आणि इथला गैरसमज सगळ्यात महागात पडतो. ती बुडाली नव्हती. १८ डिसेंबरच्या दुपारी 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय फ्रिगेट मुरगाव बंदराच्या तोंडाशी आल्या, शरण येण्याचा इशारा आणि तोफांचा मारा दोन्ही झाले. 'अफोंसो'ने नांगर उचलून उलट मारा केला. नियंत्रण कक्षावर गोळा बसला, कप्तान आंतोनियो द कुन्या आरागाँव गंभीर जखमी झाला, इंजिनाकडची बाजूही लंगडी पडली. तेव्हा नौका वळवून बांबोळीच्या किनाऱ्याला मुद्दाम चढवली गेली आणि खलाशी थेट वाळूवर उतरले. तिला आग लागली होती, पण तिच्या तळाखाली जमीन होती. १९६२ मध्ये तिला ओढत मुंबईला नेलं आणि भंगारात काढलं.

बुडणं आणि टेकणं यांतला हा फरक शब्दांपुरता नाही, मिलिमीटरचा आहे. या नौकेला तरंगायला सुमारे ३.८ मीटर पाणी लागायचं. १:३५० मध्ये ते ११ मिलिमीटर झालं. म्हणजे किनाऱ्याला चढलेल्या नौकेचा सगळा डेक, सगळ्या तोफा, धुराडं, डोलकाठ्या पाण्याबाहेरच राहणार. तोफेच्या नळीपर्यंत पाणी आणि मधेच वर आलेलं टोक, हे सिनेमातलं चित्र इथे लागूच पडत नाही. मी पहिल्या देखाव्यात नौका निम्मी बुडवली होती. हिशेब केला असता तर कळलं असतं की तेवढं पाणी असतं तर ती टेकलीच नसती.

"पाण्याची एक पातळी ठरवली की झालं."

कोणती पातळी? भरतीची की ओहोटीची? टेकलेली नौका पाण्याबरोबर वर-खाली होत नाही, पाणीच तिच्या अंगावरून चढतं-उतरतं. गोव्याला भरती-ओहोटीत फरक सुमारे दोन मीटरचा, म्हणजे आपल्या प्रमाणात पावणेसहा मिलिमीटर. बुडाशी तेवढा ओला, काळपट पट्टा दिसायलाच हवा. हीच नौका आपल्या सुरतेजवळच्या हजिऱ्याला टेकवली असती तर? खंभातचं आखात आत शिरता शिरता अरुंद आणि उथळ होत जातं, पाणी कोंडून वर चढतं. उधाणाच्या दिवसांत हजिऱ्याकडे पाच-सहा मीटरचा फरक पडतो, आत भावनगरकडे दहाच्या आसपास. सहा मीटर म्हणजे टेबलावर १७ मिलिमीटर. ओहोटीला 'अफोंसो' अख्खी कोरडी पडली असती, भरतीला तरंगायला लागली असती.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. नोव्हेंबर १६१२ च्या अखेरीस सुरतेजवळच्या सुवाळीसमोर इंग्रज कॅप्टन थॉमस बेस्टच्या 'रेड ड्रॅगन' आणि 'होझिअँडर'शी लढताना पोर्तुगीज गॅलिअन वाळूच्या दांड्यावर रुतले आणि भरती आल्यावर सुटले. सुरतेजवळ 'अर्धबुडाल्या' युद्धनौकेचा देखावा करायचा तर माझ्या मते हाच विषय खरा. मोठं जहाज अडकलेलं, लहान जहाज कमी पाण्यातही फिरणारं, आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे. अजून कोणी केलेला पाहिला नाही. हिंमत असेल त्याने करावा, तिथली भरतीची वेळ मात्र आधी ठरवावी.

आता पोरांचा प्रश्न. "पाणी म्हणजे निळं, काचेसारखं." इंटरनेटवर दिसणाऱ्या देखाव्यांतलं निळं पारदर्शक रेझिन बघून सगळ्यांचे डोळे बिघडलेत. हे लाकडात रेझिन ओतून केलेल्या 'रिव्हर टेबलां'चं पाणी आहे, समुद्राचं नाही. एक सेंटीमीटर जाडीचं पारदर्शक रेझिन म्हणजे साडेतीन मीटर खोल स्वच्छ पाणी. प्रवाळबेटाजवळ ते चालेल. नदीच्या मुखाशी, वाळू ढवळलेल्या उथळ पाण्यात, मीटरभर खालचं दिसलं तरी पुष्कळ. तो मीटर इथे तीन मिलिमीटरचा. तापीच्या मुखाशी तर हाताची बोटंसुद्धा दिसत नाहीत. जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे' १७ डिसेंबर १९३९ रोजी मोंतेव्हिदेओसमोर तिच्याच खलाशांनी उडवून दिली, तीही अशाच मातकट नदीमुखात. तिचे निळ्याशार पाण्यातले देखावे पाहिले की मला हसू येतं.

म्हणून बांबोळीच्या, म्हणजे झुआरी नदीच्या मुखाच्या पाण्यासाठी मी रेझिन जवळजवळ वापरलंच नाही. सनबोर्डावर प्लास्टरचा उतार, त्यावर हिरवट मातकट रंग, खोलीकडे गडद, किनाऱ्याकडे वाळूचा. वर टिश्यूपेपर फेव्हिकॉलने चिकटवून बोटांनी सुरकुत्या पाडल्या आणि शेवटी चकाकीच्या जेलचे दोन हात. डिसेंबरात आत वळलेल्या या किनाऱ्यावर लाट फारशी नसते. अर्ध्या मीटरची लाट म्हणजे दीड मिलिमीटर. त्याहून मोठी केली की पावसाळा आला.

रेझिन वापरणारच असाल तर दोन गोष्टी पदरात बांधा. रेझिन-रेझिनमध्ये फरक असतो. फायबरग्लासवाल्यांकडे स्वस्तात मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं, किटच्या प्लास्टिकलाही सोडत नाही. इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही, पण एकदम जाड ओतलं तर घट्ट होताना तापतं, आणि त्या उष्णतेने पातळ प्लास्टिक वाकतं. तीन-चार मिलिमीटरचे थर, मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं. आणि पावसाळ्यात सुरतेत हे काम करूच नये, दमट हवेत वरचा थर चिकट आणि धुरकट होतो. शिवाय ओतलेलं रेझिन नौकेच्या अंगावर काठाशी थोडं वर चढतं. एक मिलिमीटर वाटतं, पण तो पस्तीस सेंटीमीटरचा पाण्याचा कठडा असतो. त्यावर जेलने छोटी लाट चढवून तो झाकावा लागतो.

"अर्धबुडाली म्हणजे कललेलीच हवी."

पर्ल हार्बरमध्ये ७ डिसेंबर १९४१ रोजी 'ओक्लाहोमा' उलटी झाली, 'ॲरिझोना' मात्र सरळ उभीच्या उभी तळावर बसली. कलणं ठरतं ते तळ कसा आहे आणि पाणी कुठे शिरलं यावर. कधी आग विझवणारं पाणीच घात करतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यू यॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' या जहाजाला आग लागली, वरच्या मजल्यांवर इतकं पाणी मारलं गेलं की ती कलंडली. आणि गोदीत उभी असतानाही नौका कलते. गोव्यात 'अफोंसो'वर तोफा डागणाऱ्या 'बेतवा'चंच नाव चालवणारी पुढची फ्रिगेट ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या सुक्या गोदीत आडवी झाली. पुढे ती सरळ करून पुन्हा कामाला लावली. तेव्हा कल मनाने द्यायचा नाही, फोटो पाहून द्यायचा.

कललेली नौका कापायची पद्धतही वेगळी. तिच्या बुडावर कारखान्याने आखलेली जलरेषा इथे निरुपयोगी. हवा तेवढा कल देऊन नौका टेबलावर टेकवून ठेवायची, पेन्सिल एका ठोकळ्यावर आडवी बांधायची आणि ठोकळा टेबलावरून सरकवत सगळीकडून रेघ मारायची. ती रेघ नौकेच्या अंगावर वेडीवाकडी दिसते, पण तीच पाण्याची.

गंजाच्या बाबतीतही हेच. "जुनं जहाज, मारा तांबडा रंग," असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तारीख कोणती? १९ डिसेंबरची 'अफोंसो' गंजकी नव्हे, भाजकी असणार. करडा रंग सोलवटलेला, कुठे काजळी, कुठे राखेचा पांढरट थर, आणि उघड्या पोलादावर खाऱ्या हवेने नुकती धरलेली नारिंगी झाक. काही महिन्यांनंतरची दाखवायची तर गंजाचे ओघळ, आणि पाण्याच्या पट्ट्यात शेवाळ व कालवं. ओघळ ओळंब्यात उतरतात, नौकेच्या भिंतीला समांतर नाही. नौका कललेली असेल तर ओघळ तिच्या अंगावर तिरके दिसतील आणि शेवाळाची रेघ पाण्याला समांतर राहील. हे चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी खटकतं.

गोळ्यांची भोकं ड्रिलने पाडू नका. किटच्या प्लास्टिकची एक मिलिमीटर जाडी म्हणजे पस्तीस सेंटीमीटरचं चिलखत. अशा छोट्या नौकेचा पत्रा सेंटीमीटरभर किंवा त्याहून पातळ. फाटलेला भाग कापून काढून तिथे पोळ्या गुंडाळायची फॉइल लावावी, तिच्या कडा सुईने मुडपाव्यात. दोरखंडासाठी जरीच्या कामातली बारीक तार मिळते, आणि चिमटा-भिंग महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात जसं मिळतं तसं कुठे नाही. सुरतेत राहण्याचा हा फायदा मुंबईच्या मित्रांना मी मुद्दाम ऐकवतो.

राहिली मावशी. तिला मी दीवचं सांगितलं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलाची 'खुकरी' दीवच्या समुद्रात बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि १९३ जण तिच्याबरोबर गेले. त्यांच्या स्मारकात समुद्राकडे तोंड करून काचेच्या घरात त्या नौकेची प्रतिकृतीच ठेवली आहे. अपशकुन असता तर नौदलाने ठेवली नसती. मावशीने ऐकलं, नमस्कार केला, आणि तरी म्हणाली, "देवघराच्या खोलीत नको." तेवढं मी मान्य केलं.

माझ्या देखाव्यात एक गोष्ट कोणालाच दिसत नाही. पोर्तुगीज बाजूच्या हकिकतीत असं येतं की नौका किनाऱ्याला चढल्यावर एकदा पांढरं निशाण चढवलं होतं, पण वाऱ्याने ते डोलकाठीला गुंडाळलं गेलं, भारतीय नौकांना दिसलं नाही आणि मारा चालू राहिला. तेही केलंय, टिश्यूपेपरचं, तीन मिलिमीटरचं, मागच्या काठीला चिकटलेलं. बघायचं असेल तर भिंग घेऊन या.