व्हीस : अडगळीतल्या मूर्तीची वाडी

दक्षिण जर्मनीत आल्प्सच्या पायथ्याशी, बव्हेरियातल्या श्टाइनगाडेन गावाच्या हद्दीत व्हीस नावाची एक वाडी आहे. मोजकी शेतघरं, गाईंची कुरणं, पलीकडे जंगलाने झाकलेले डोंगर. दरवर्षी इथे सुमारे दहा लाख माणसं येतात आणि बहुतेक जण तिथलं रोकोको शैलीतलं चर्च पाहायला येतात. पण चर्च नंतरचं. आधी आली एक मूर्ती, आणि तीही कुणाला नकोशी झालेली.

१७३० साली श्टाइनगाडेनच्या मठात फादर माग्नुस श्ट्राउब आणि ब्रदर लुकास श्वायगर यांनी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी येशूची मूर्ती तयार केली. तयार केली म्हणजे जुळवली. जुन्या लाकडी मूर्तींचे निरनिराळे अवयव जोडले, सांधे कापडाने झाकले आणि वरून रंग दिला. खांबाशी साखळीने जखडलेला, फटक्यांनी रक्तबंबाळ झालेला येशू. काही वर्षं ती मिरवणुकीत फिरली, १७३४ नंतर मात्र बंद झाली. तिच्याकडे पाहवत नाही, असं लोकांचं म्हणणं पडलं. मग ती गावातल्या एका खाणावळवाल्याच्या माळ्यावर जाऊन पडली.

तिथून तिला उचललं मारिया लोरी या शेतकरणीने. ४ मे १७३८ रोजी तिने मूर्ती व्हीसच्या आपल्या घरी नेली. १४ जूनच्या संध्याकाळी तिला आणि तिचा नवरा मार्टिन याला मूर्तीच्या डोळ्यांत पाण्याचे थेंब दिसले. ते अश्रू होते की आणखी काही, हा वाद ज्याने त्याने आपल्यापुरता मिटवावा. इतिहासापुरतं एवढं खरं, की बातमी पसरली आणि माणसांची रीघ लागली. शेतावर एक छोटं चॅपेल बांधलं, ते बघता बघता अपुरं पडलं. मठाने ओवाळून टाकलेली मूर्ती आता मठालाच परत हवीशी झाली होती.

१७४५ मध्ये मोठ्या चर्चचं काम सुरू झालं. रचनाकार डोमिनिकुस त्सिमरमान मूळचा व्हेसोब्रुनचा, गिलाव्यातल्या नक्षीकामात मुरलेला कारागीर. छताची चित्रं त्याचा थोरला भाऊ योहान बाप्टिस्ट याने काढली. या इमारतीची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. लंबगोल सभागृहावरचा घुमट विटांचा नाहीच. छपराच्या लाकडी सांगाड्याला पट्ट्या ठोकून त्यांवर गिलावा केलेला आहे. वजन इतकं कमी, की जाड भिंतींची गरजच उरली नाही. म्हणूनच खांब दोन-दोन जोडीने, सडपातळ उभे राहिले, खिडक्या मोठ्या झाल्या आणि चहूकडून उजेड आत आला. छताच्या चित्रात येशू इंद्रधनुष्यावर बसलेला आहे, निवाड्याचं सिंहासन मात्र अजून रिकामं आहे. अंतिम न्यायाचा विषय आणि त्यात ही सवड! मला या चर्चमधली सर्वांत दयाळू गोष्ट हीच वाटते. पुढच्या वेदीच्या भागात रंग बदलतात. रक्ताची आठवण देणारे तांबडे खांब येतात, आणि त्यांच्यामध्ये, एवढ्या सगळ्या सोनेरी थाटात, ती सांधलेली मूर्ती.

हा थाट मठाला परवडला नाही. अंदाज होता सुमारे ३९,००० गुल्डनचा, खर्च झाला १,८०,०००च्या घरात. १७४९ मध्ये मूर्ती नव्या जागी आली, १७५४ मध्ये चर्चचं अभिषेचन झालं आणि मठ कर्जात रुतला. त्सिमरमानला मात्र इथून पाय काढवला नाही. त्याने चर्चशेजारीच बिऱ्हाड केलं आणि १७६६ मध्ये तिथेच त्याचं निधन झालं. आयुष्यभर कामामागे हिंडलेल्या कारागिराने आपल्याच कामाच्या सावलीत म्हातारपण काढावं, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

१८०३ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने मठ बरखास्त केले, त्यात श्टाइनगाडेनचाही गेला. व्हीसचं चर्च लिलावात काढून पाडायचं घाटत होतं. कलेचे जाणकार त्या वेळी कुठे होते कोण जाणे. आड आले ते आसपासचे शेतकरी. त्यांच्या लेखी ते रोकोको वगैरे काही नव्हतं, त्यांचं नवसाचं ठिकाण होतं. त्यांनी धरून ठेवलं म्हणून १९८३ मध्ये युनेस्कोला जागतिक वारसा यादीत घालायला काहीतरी शिल्लक राहिलं. पुढे १९८५ ते १९९१ या काळात डागडुजीवर एक कोटीहून अधिक मार्क खर्च झाले.

जवळच नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा असल्यामुळे पर्यटकांच्या बसेस एका दिवसात दोन्ही ठिकाणं उरकतात. अर्धा तास छताकडे पाहायचं, फोटो काढायचे, निघायचं. पण यात्राही चालूच आहे. जून महिन्यात अश्रूंचा सण होतो. त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं येतात, आणि छताच्या आधी वेदीकडे पाहतात.