चढण, पाऊस आणि विजेची व्हीलचेअर

घडीच्या विजेच्या व्हीलचेअरची जाहिरात बघा, ती नेहमी चकचकीत फरशीवर चालत असते. तीच खुर्ची पेडण्यात किंवा डिचोलीत येते तेव्हा तिच्या वाट्याला येतात चिऱ्याच्या पायऱ्या, अंगणातून रस्त्यावर उतरणारी तिरपी वाट, गटारावरची लोखंडी जाळी आणि चार महिन्यांचा पाऊस. शिवाय हरमल-मोरजीकडे खारी हवा आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ. खुर्ची या सगळ्याला पुरी पडू शकते, पण तिच्याविषयी घरोघरी जे समज आहेत ते बहुतेक सपाट जमिनीवरचे आहेत. इथल्या जमिनीवर त्यातले काही नुसते चुकीचे ठरतात, तर काही जिवावर बेततात.

एक समज खुर्ची घरात येण्याआधीच आडवा येतो. ‘एकदा विजेच्या खुर्चीत बसवले की होते ते पायही जातील.’ स्नायू क्षीण होतात ते हालचाल थांबल्यामुळे, खुर्चीमुळे नव्हे. ज्याला काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालता येते त्याने जरूर चालावे आणि बाजार, देऊळ, पंचायत, दवाखाना एवढ्यापुरती खुर्ची घ्यावी. किती चालायचे आणि किती बसायचे, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवता येते. लांब चालवत नाही म्हणून वर्षानुवर्षे सोप्यात बसून राहिलेली माणसे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत, आणि त्यांची हालचाल कोणत्याही खुर्चीशिवायच थांबलेली आहे. बसण्याचा खरा धोका वेगळा आहे. मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नसेल, तर एकाच जागी दाब राहून जखम होते आणि ती कळतही नाही. अशांनी चांगली गादी वापरावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून दाब हलवावा.

आता ब्रेक. याबद्दल दोन उलटसुलट समज आहेत आणि दोन्ही एकाच घरात ऐकू येतात. पहिला असा, की ‘बटण बंद केले तर खुर्ची घरंगळेल, म्हणून उतारावर ती चालूच ठेवावी.’ दुसरा असा, की ‘मागचा लिव्हर ओढला तरी ब्रेक असतोच.’ प्रत्यक्षात या खुर्च्यांच्या मोटरींना विद्युतचुंबकी ब्रेक असतो. तो स्प्रिंगच्या दाबाने कायम लागलेला असतो आणि वीज मिळाली की चुंबक त्याला सोडवतो. म्हणून जॉयस्टिकवरचा हात काढला की खुर्ची थांबते, बटण बंद केले तरी ब्रेक लागलेला राहतो आणि बॅटरी वाटेत संपली तरीही चाके जखडलेलीच राहतात. चालत्या खुर्चीचे बटण मात्र बंद करू नये, कारण ती हिसक्याने थांबते आणि उतारावर बसलेला माणूस पुढे फेकला जातो.

धोका आहे तो लिव्हरमध्ये. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटरीपाशी क्लचचा लिव्हर दिलेला असतो. तो ढकलण्याच्या स्थितीत नेला की विद्युतचुंबकी ब्रेक पूर्ण सुटतो. वेगळा हातब्रेक नसलेल्या खुर्चीला त्यानंतर रोखणारे काहीच उरत नाही. हिशेब करून बघा. खुर्ची २३ किलोची आणि माणूस ७० किलोचा असेल, तर १० अंशांच्या उतारावर मदतनिसाच्या हातांवर सुमारे १६ किलोचा सततचा ओढा येतो. कोरड्या रस्त्यावर तो पेलेल. श्रावणात शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर मदतनिसाचाच पाय सरकला तर? म्हणून बॅटरी चढणीवर संपली, तर आधी दोन माणसे गोळा करावीत, एकाने मागून आणि एकाने पुढून खुर्ची धरावी आणि मगच लिव्हरला हात लावावा. सपाट जागी पोचताच लिव्हर परत मोटरीच्या स्थितीत आणावा. ‘खुर्ची बिघडली, नुसती पीप-पीप करते’ ही तक्रारही पुष्कळदा एवढ्याचीच असते. लिव्हर ढकलण्याच्या स्थितीत राहिलेला असतो म्हणून खुर्ची चालायला नकार देते. मेकॅनिकला फोन करण्याआधी तो तपासावा.

चढणीचेच दुसरे प्रकरण म्हणजे फळी. आपली घरे जोत्यावर असतात आणि दारात तीन-चार पायऱ्या ठरलेल्या. ‘फळी टाकली की झाला रॅम्प’ असे घरातले कर्ते लोक सहज म्हणतात. जोते ४५ सेंटिमीटर उंच आणि फळी दीड मीटर लांब असेल, तर तो उतार साडेसतरा अंशांच्या आसपास जातो. घडीच्या बहुतेक खुर्च्यांची मर्यादा ६ ते १२ अंशांच्या दरम्यान असते. त्यापुढे मोटर दमते हा लहान भाग झाला, खुर्ची मागे उलटते हा मोठा. सार्वजनिक इमारतींसाठी मान्य असलेले प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी. ४५ सेंटिमीटरला ५ मीटर ४० सेंटिमीटर लागतात. अंगण लहान असेल तर रॅम्प मधल्या सपाट टप्प्यावर वळवून घेता येतो. खर्च होईल, पण माझ्या मते खुर्चीच्या किमतीत रॅम्पचा खर्च पहिल्या दिवसापासून धरलाच पाहिजे. नाहीतर हजारो रुपयांची खुर्ची सोप्यातच उभी राहते.

चढावर सरळ जावे आणि किंचित पुढे झुकावे. उतारावर वेग सर्वांत कमी ठेवावा. तिरपे जाऊ नये आणि मध्येच वळू नये. मागची छोटी आधारचाके ‘अडकतात’ म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. ती उलटण्यापासून वाचवण्यासाठीच दिलेली आहेत, काढू नयेत. उंबरठा आणि गटाराची जाळीही सरळच ओलांडावी, कारण तिरपे गेलेले पुढचे लहान चाक फटीत रुतते. बसता-उठताना बटण बंद ठेवावे आणि पायटेकू वर दुमडावा. त्यावर उभे राहिले की खुर्ची पुढे आपटते. जत्रेच्या गर्दीत कोणाचाही धक्का जॉयस्टिकला लागू शकतो. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत मे २०२५ मध्ये उतरणीवर चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. गर्दी आणि उतार एकत्र असतील तिथे खुर्ची नेऊच नये, दर्शनासाठी मोकळी वेळ निवडावी.

‘पाण्याला चालते असे दुकानदार म्हणाला होता.’ यातले पाणी म्हणजे उडालेले शिंतोडे. ज्या खुर्चीवर आयपीएक्स ४ असे लिहिलेले असते तिची चाचणी शिंतोड्यांपुरतीच असते, धो-धो पावसाची आणि नळीच्या धारेची नसते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सर्वांत नाजूक भाग जॉयस्टिक. तिच्या रबरी टोपीला बारीक चीर गेली तरी पाणी आत उतरते आणि अनेक खुर्च्यांत चार्जिंगचे भोकही तिथेच खाली असते. जॉयस्टिकवर पारदर्शक प्लास्टिकचे आवरण चढवावे, भिजून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसावे आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावू नये. चिखल लागला म्हणून स्कूटरसारखी खुर्ची धुवायला नेणे हा तिला बंद पाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. माती वाळू द्यावी, मऊ ब्रशने झाडावी, मग ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसावे.

किनारपट्टीवर पावसाइतकाच मीठ हा शत्रू आहे. मांद्रे, मोरजी, हरमल इथे खुर्ची वाळूवर उतरवण्याचा मोह होतो. पण लहान घट्ट चाके रुततात, मोटरीवर ताण येतो आणि खारी वाळू बेअरिंगमध्ये शिरते. किनाऱ्यावर जायचेच असेल तर रुंद फुग्यांच्या चाकांची, वाळूसाठी बनवलेली खुर्ची वेगळी मिळते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सांगाडा आणि सांधे पुसावेत, विजेच्या जोडण्या कोरड्याच ठेवाव्यात. डिचोली, मये, साखळीच्या बाजूला तांबडी धूळ पुढच्या चाकांच्या आसाभोवती बसते, तिच्यात केस आणि सुताचे धागे गुंततात आणि खुर्ची एका बाजूला ओढू लागते. आपण मोटर बिघडली समजतो, खरे तर चिमट्याने धागे काढले की काम होते. तिथे खोबरेल तेल घालू नये, कारण तेलावर धूळ चिकटून लगदा होतो. ब्रेक आणि विजेच्या जोडण्यांना तर कुठलेच तेल लावू नये.

बॅटरीबद्दलचा सर्वांत चिवट समज जुन्या मोबाइलच्या काळातला आहे, ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये.’ तो निकेल-कॅडमियम बॅटरीला लागू होता. लिथियमला अधूनमधून केलेले चार्जिंग मानवते, शून्यावर नेणेच तिला जाचते. शिशाच्या बॅटरीला तर रिकामे राहणे मुळीच सहन होत नाही, ती वापरानंतर रोज भरावी. पावसाळ्यात खुर्ची महिनाभर पडून राहणार असेल, तर लिथियम बॅटरी निम्मी भरून, काढून, थंड कोरड्या जागी ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बॅटरी ठेवू नये.

‘पिन बसते म्हणजे चार्जर चालतो’ हे त्याहून धोक्याचे. शिशाच्या आणि लिथियमच्या २४ व्होल्ट बॅटरींचे चार्जर वेगळे असतात, एकाची पिन दुसऱ्यात बसली तरी भरण्याची पद्धत जुळत नाही. चार्जर हरवला तर त्याच बॅटरीसाठीचा मागवावा. आणि खुर्ची कुठे चार्ज करता ते बघा. सोयीचे म्हणून लोक ती दाराशी, रात्रभर लावून ठेवतात. आग लागली तर ज्याला धावता येत नाही त्याची एकमेव वाट बंद होते. म्हणून चार्जिंग दारापासून आणि पलंगापासून दूर, फरशीवर आणि कोणीतरी जागे असताना करावे. बॅटरी फुगली, वास आला किंवा हात लावता येणार नाही इतकी तापली तर वापर थांबवावा. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात तेव्हा चार्जर भिंतीतून काढावा.

‘वीस किलोमीटर जाते’ हा आकडा सपाट जमीन, हलका माणूस आणि नवी बॅटरी यांचा आहे. आपल्या चढणींवर निम्म्या अंतराचाच भरवसा धरावा, आणि परतीचा चढ त्यातच मोजावा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर, विशेषतः महामार्ग ६६ च्या जवळपास, मागे-पुढे चमकपट्ट्या असल्याशिवाय संध्याकाळी निघू नये.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) जाताना खुर्चीतच बसून व्हॅनमध्ये जाता येईल असे अनेकांना वाटते. टक्कर सोसण्याची चाचणी झालेल्या खुर्च्या वेगळ्या असतात, घडीच्या खुर्च्या सहसा त्यात येत नाहीत. गाडीच्या आसनावर बसावे, पट्टा लावावा आणि खुर्ची घडी करून बांधावी. उचलताना मुख्य सांगाडा धरावा, हातटेकू किंवा पायटेकू नव्हे. जाहिरातीतले वजन पुष्कळदा बॅटरीशिवायचे असते, तेही विचारून घ्यावे. नार्वे-दिवाडी किंवा केरी-तेरेखोल फेरीबोटीवर भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्यावरचा उतार बदलतो. वाहने चढून गेल्यावर, मागे माणूस ठेवून, सावकाश चढावे. बोटीत पोचल्यावर बटण बंद करावे आणि लिव्हर मोटरीच्याच स्थितीत असल्याची खात्री करावी.

राहिला विमानाचा प्रश्न. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने सुटू लागली आणि पेडण्यातल्या माणसाला विमानतळ घरापाशी आला. ‘बॅटरीची खुर्ची विमानात घेतच नाहीत’ हेही खरे नाही आणि ‘सगळ्याच घेतात’ हेही नाही. काढता येणारी लिथियम बॅटरी असलेली घडीची खुर्ची सामानात जाते, पण बॅटरी काढून प्रवाशाने सोबत केबिनमध्ये न्यायची असते. एकच बॅटरी असेल तर तिची मर्यादा ३०० वॉट-तास, दोन असतील तर प्रत्येकी १६०. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की हा आकडा मिळतो. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची बॅटरी २८८ वॉट-तासांची, म्हणजे चालते. २० अँपिअर-तासांची ४८० होते, ती केबिनमध्ये चालत नाही. म्हणून विमानाने जायचे असेल तर हा गुणाकार खुर्ची विकत घेण्याआधी करावा. तिकीट काढताना विमान कंपनीला खुर्ची आणि बॅटरीची माहिती द्यावी, निदान ४८ तास आधी तरी. बॅटरीवरचे लेबल पुसट झाले असेल तर निर्मात्याचे कागद सोबत ठेवावेत. बॅटरी काढल्यावर तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत आणि ती वेगळ्या पिशवीत घालावी. जॉयस्टिक काढता येत असेल तर तीही काढून हातातल्या पिशवीत घ्यावी, कारण सामान चढवताना पहिला फटका तिलाच बसतो.