जपानी शाईच्या कांड्या : सुमी निवडताना

जपानी शाळेत तिसरीपासून मुले कुंचल्याने अक्षरे गिरवू लागतात. २ जानेवारीला नव्या वर्षाचे पहिले लेखन, म्हणजे काकिझोमे, करण्याचीही इथे प्रथा आहे. मुलांच्या पेटीत बहुधा बाटलीतली तयार शाई असते. पण हौसेने दुकानात शाईची कांडी (सुमी) घ्यायला जावे, तर सगळ्या काळ्याच दिसतात आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक! तो कशामुळे, ते पाहू या.

सुमी म्हणजे काजळी, सरस आणि थोडे सुगंधी द्रव्य. हा सरस, निकावा, जनावरांच्या कातड्यापासून काढतात. शाकाहारी मंडळींना हे ठाऊक असलेले बरे. आपल्याकडे पोथ्यांच्या शाईत काजळीबरोबर डिंक घालत.

खरा फरक काजळीचा. युएनबोकु ही तेलाच्या काजळीची कांडी. मोहरीच्या जातीचे, तिळाचे वगैरे तेल मातीच्या पणतीत जाळून वरच्या झाकणावर काजळी धरतात. आपल्या आज्या काजळ पाडत, अगदी तशीच! वात जितकी बारीक तितकी काजळी बारीक, आणि कांडी महाग. हिचा काळा रंग दाट, किंचित तपकिरी झाक असलेला. अक्षरांसाठी हीच उत्तम. शोएनबोकु पाइनचे लाकूड जाळून करतात. तिचे कण लहानमोठे असतात. पाणी घालून पातळ केली की निळसर करडी छटा उमटते, म्हणून चित्रकारांना ती प्रिय. निळसर कांड्यांना सेइबोकु म्हणतात, पण काहींत नुसती नीळ मिसळलेली असते, तेव्हा विचारून घ्यावे. शुबोकु ही लाल कांडी, गुरुजींच्या दुरुस्त्यांसाठी.

जपानमधल्या बहुतेक कांड्या नारा शहरात होतात. तिथले कोबाइएन हे दुकान १५७७ पासूनचे. उकाड्यात सरस नासतो, म्हणून काम थंडीतच चालते. साच्यातून काढलेली ओली कांडी राखेत पुरतात आणि रोज अधिक कोरडी राख बदलतात. घाई केली तर तडा गेलाच. पुढे सरसाचा जोर वर्षांगणिक ओसरतो आणि शाई कागदावर मोकळी पसरते, म्हणून जुन्या कांडीला जास्त मोल.

मुलांसाठी साधी १५ ग्रॅमची युएनबोकु पुरे. उगाळून झाल्यावर ती दगडावर तशीच ठेवू नये, चिकटून बसते. पुसून, हीटरपासून लांब ठेवावी.