स्वतःविषयीची करुणा आणि दोन कादंबऱ्या

आम्हां चळवळवाल्यांना 'करुणा' हा शब्द फारसा रुचत नाही. आम्ही हक्क मागतो, दया नव्हे. तरी अकोला-अमरावतीच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ छातीत घेऊन राबणारी बाई पोर आजारी पडले की 'माह्यंच चुकलं' म्हणते. शेजारणीचे पोर आजारी पडले तर ती असे म्हणेल काय? मुळीच नाही, तिच्या उशाशी रात्र काढील. मग स्वतःपुरता हा वेगळा कायदा कशासाठी?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेची तीन अंगे मांडली: स्वतःशी ममतेने वागणे, आपले दुःख सर्वांच्या दुःखांपैकीच एक आहे हे ओळखणे आणि त्याच्याकडे न झाकता, न फुगविता पाहणे. उपदेशाने हे येत नाही. कादंबरीने येऊ शकते.

उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. कौतिक ही शिंप्याची बायको. नवरा महादेव आळशी, पुढे महारोगाने ग्रासलेला. घर, पोरे, मजुरी सारे हिच्या अंगावर. सर्वांना ती सांभाळते, स्वतःच्या जिवाला मात्र क्षणभर सावलीत बसवीत नाही, आणि शेवटी मोडते. लोक तिच्या सोशिकपणाची थोरवी गातात. आम्हांस ते पुरते पटत नाही. शेळक्यांनी तिला देवी केलेली नाही. तिचा त्रागाही वऱ्हाडी बोलीत जसाच्या तसा येतो. म्हणूनच ऐकणारी मजूरबाई तिला हात जोडीत नाही. 'बस ना बाई, थोडसक टेक,' म्हणते. हे बोलताना ती निम्मे स्वतःशीच बोलत असते.

करुणा आणि स्वतःची कीव या दोन गोष्टी मात्र निराळ्या. अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) हा भेद दिसतो. प्रेमभंगाने कडवट झालेल्या चक्रधरला आपलीच जखम मोठी वाटते. परतीच्या बोटीवर नाझींच्या छळातून निसटलेले ज्यू निर्वासित आहेत. त्यांतल्या हॅर्टावर त्याचा जीव जडतो, आणि त्याचे दुःख जगाच्या दुःखाशेजारी येऊन बसते. मुंबईला तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पुढे ती जीव देते.

आमच्या कामाशी याचा संबंध काय? कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार कायद्याने भरपाईस पात्र आहे. पण खोकल्याला जी स्वतःचा दोष समजते, ती अर्ज करीत नाही. म्हणून कार्यकर्त्यांना आम्ही सांगतो, पाळी सुटल्यावर 'धग'ची पाच-सात पाने मोठ्याने वाचा. अर्थ कुणी विचारीत नाही, आणि वाचन थांबले की खोकल्याच्या गोष्टी निघू लागतात.