बाळ रडलं होतं का?

तेलंगणातल्या मंचेरियल जिल्ह्याची पूर्वेची कड प्राणहितेने आखलेली. नदीपलीकडे गडचिरोली, म्हणजे महाराष्ट्र. बाळंतपणाला माहेरी येणारी लेक इथे कधीकधी राज्यही ओलांडते. तिचं बाळ चौथ्या दिवशी गेलं, तर ते कोणत्या गावच्या वहीत लिहायचं? माहेरच्या की सासरच्या? बालमृत्यू रोखण्याच्या कामाचं मोजमाप अशा जागी अडतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत मोजणीच आधी हाती घेतली. 39 गावं कामासाठी, 47 तुलनेसाठी. 1993 ते 1995 फक्त नोंदी. मग गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली.

ही आरोग्यदूत घरात येते. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगते, काखेत थर्मामीटर धरते, उघड्या छातीवर नजर ठेवून मिनिटभर श्वास मोजते. त्याआधी ‘सर्च’ने न्यूमोनियाच्या कामात, मोठे आकडे न मोजता येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचं साधन केलं होतं: वाळूचं घड्याळ उलटायचं आणि दर 10 श्वासांना एक मणी सरकवायचा. अशा साध्या वस्तूंत फार मोठी बुद्धी असते.

1995-96 मध्ये 763 बाळांची पाहणी झाली. 42 टक्के बाळं अडीच किलोहून हलकी. जवळपास निम्म्यांना जिवावर बेतणारा आजार. वैद्यकीय उपचार मात्र अवघ्या 2.6 टक्क्यांना.

सर्वांत जड काम मृत्यूनंतरचं. ओल्या बाळंतिणीच्या घरी जाऊन विचारायचं, बाळ रडलं होतं का? हात-पाय हलवले होते का? कुणी म्हणतं, मेलेलंच जन्मलं. एकदाही रडलं, हललं किंवा त्याने श्वास घेतला असेल तर ते नवजात मृत्यूत धरायचं, नाहीतर मृतजन्मात. हा भेद चुकला तर यशाचा आकडा खोटा ठरतो, म्हणून मृतजन्मही वेगळे मोजले. शिवाय जन्म-मृत्यू टिपणारे कार्यकर्ते निराळे ठेवले. काम करणारीनेच आपल्या कामाचे गुण मांडू नयेत.

तुलनेच्या 47 गावांबद्दल वाचताना पोटात कालवतं. तिथेही नोंदवही फिरत होती, सरकारी सेवा होत्या, पण घरी येणारी आरोग्यदूत नव्हती. आणि तरीही ती गावं नसती, तर चांगल्या पावसाने, नव्या रस्त्याने किंवा बदलत्या काळाने मृत्यू घटले, असं कुणीही म्हणू शकलं असतं. त्या गावांचं ऋण म्हणून तरी हे आकडे नीट वाचावेत.

डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. कामाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू 62 होते. तिसऱ्या वर्षी ते 25 च्या आसपास आले. तुलनेच्या गावांत आकडा 60 च्या जवळपासच राहिला. खर्च एका बाळामागे 5.3 डॉलर.

2011 पासून भारत सरकारने हे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे दिलं. घरी जन्मलेल्या बाळाकडे सात भेटी: दिवस 1, 3, 7, 14, 21, 28 आणि 42. माहेरवाशीण सव्वा महिन्याने बाळाला घेऊन नदी ओलांडून सासरी निघाली, तर शेवटची भेट पलीकडच्या काठावरच्या आशेकडे जाते.