लॉक हेवनच्या दारोदार

१९६६ साली जिमी कार्टर जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. पक्षांतर्गत फेरीतच ते तिसरे आले आणि पुढे ते पद वंशभेदाचा उघड कैवार घेणाऱ्या लेस्टर मॅडॉक्सकडे गेले. प्लेन्स गावच्या बाप्टिस्ट मंडळीत वाढलेला, संडे स्कूलमध्ये शिकवणारा हा भुईमुगाचा व्यापारी पार खचला. देवाने हे होऊच कसे दिले, हा प्रश्न त्यांची पाठ सोडेना. बहीण रूथने समजूत घातली. उभारी मात्र मिळाली ती गाव सोडून बाहेर पडल्यावर.

त्या काळी दक्षिणेतल्या बाप्टिस्ट मंडळ्या आपल्या साध्या सभासदांना थोड्या दिवसांसाठी उत्तरेकडच्या राज्यांत धाडत. हे पगारी मिशनरी नव्हेत. कामधंदा बाजूला ठेवून निघालेली माणसे. चर्चला न जाणाऱ्या कुटुंबांची नावे घ्यायची, दोघादोघांनी दार वाजवायचे, आत या म्हटले तर बसायचे, आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची, प्रार्थना करायची. १९६८ मध्ये कार्टर असे पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला गेले. सोबत मायलो पेनिंग्टन नावाचा टेक्सासचा शेतकरी. राज्याच्या सिनेटमध्ये भाषणे केलेल्या कार्टरना त्याचे अडखळते, साधेसुधे बोलणे आधी तोकडे वाटले. ऐकणाऱ्यांच्या काळजाला मात्र तेच भिडत होते.

अशाच दुसऱ्या एका सफरीत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, जोडीदार होते एलॉय क्रूझ, ब्रुकलिनमधल्या छोट्या मंडळीचे क्यूबन पाळक. तिथली वस्ती गरीब, स्पॅनिश बोलणाऱ्यांची. नौदलातल्या शिक्षणात कार्टर थोडेफार स्पॅनिश शिकले होते; ते बायबलमधली वचने वाचत, बाकी सारे क्रूझ सांभाळत. कोणाच्या घरात कसे बसावे, कोणाचे दुःख किती वेळ ऐकावे, हे कार्टर त्यांच्याकडून शिकले. माणसाला दोनच प्रेमे पुरतात, एक देवावरचे आणि दुसरे या क्षणी समोर उभ्या असलेल्या माणसावरचे, असे क्रूझ सांगत. कार्टर हे आयुष्यभर सांगत राहिले.

आजच्या अल्पकालीन मिशन सहलींवर टीका होते, आणि ती रास्त आहे. आठवडाभर येऊन शाळेची भिंत रंगवायची, मुलांसोबत फोटो काढायचे, परत जायचे. विमानभाड्याच्या पैशात गावातल्याच गवंड्याला कितीतरी दिवस काम मिळाले असते. देणाऱ्याने वर आणि घेणाऱ्याने खाली बसायचे, ही मांडणी अशा सहलीत सहज शिरते. कार्टर यांची सफर मला मोलाची वाटते ती इथे. गावात त्यांना कोणी ओळखत नव्हते, पद नव्हते, मालकी नव्हती, आणि जोडीदार श्रद्धेत त्यांच्यापेक्षा मुरलेला होता. घरच्या मंडळीत ते आदरणीय गृहस्थ होते; इथे शिकाऊ झाले.

याच सुमारास त्यांच्या आई लिलियन आपल्याकडे विक्रोळीत होत्या. अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमध्ये नाव घालून ही परिचारिका इथे आली आणि गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात राबली. ते काम अमेरिकी सरकारच्या योजनेतले होते, धर्मप्रसाराचे नव्हते. पण आई विक्रोळीच्या रुग्णांत आणि मुलगा परक्यांच्या ओसरीवर, हे एकाच घरातले वळण होते.

पुढे कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९८० मध्ये त्या पदाची फेरनिवडणूकही गेली. या वेळी त्यांनी हातोडा घेतला. मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये जॉर्जियात सुरू केलेल्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या ख्रिस्ती संस्थेबरोबर १९८४ मध्ये कार्टर दांपत्य बसने न्यूयॉर्कला गेले, चर्चमध्ये इतरांसारखेच बंक बेडवर झोपले आणि एक पडकी सहामजली इमारत १९ कुटुंबांसाठी उभी करायला लागले. घर दानात मिळत नाही, हा संस्थेचा नियम. कुटुंबाने स्वतः अंगमेहनत करायची, बिननफ्याचे कर्ज फेडायचे.

२००६ ची दिवाळी सरून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा ८२ वर्षांचे कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला आले. आठवडाभरात शंभर घरे उभी करायची होती. नियम तोच होता: ज्यांचे घर, तेही विटा उचलायला सोबत.